कोट घातलेला चोर

"मी सांगतोय ते अक्षर नि अक्षर खरंय, पण कुणाच्या बापाचासुद्धा यावर विश्वास बसायचा नाही," डोल्बोन म्हाताऱ्यानं सुरुवात केली आणि आधी आगीकडे पाहिलं. बोलण्याआधी आगीला चरबीचा तुकडा द्यायचा असतो. चरबी कधीच संपली होती. भूर्जावरची बुरशी उकळून केलेल्या काढ्याचा गाळ भांड्याच्या तळाशी होता, तोच त्यानं बोटानं खरवडून निखाऱ्यावर टाकला. आग नुसती फुसफुसली. तिलाही ते पटलं नसावं.

"सांग बाबा, सांग," समोर बसलेला लुकिच म्हणाला. "माझ्या रेनडियरांना तेवढाच विसावा."

लुकिच म्हणजे नदीकाठच्या सरकारी वखारीचा माणूस. रशियन, पण इथल्या थंडीत मुरलेला. डावी बाही खांद्यापासून रिकामी, ती कमरपट्ट्यात खोचलेली. हात आघाडीवर राहिला, उरलेला लुकिच परत आला. दुपारीच तो घसरगाडी घेऊन तंबूशी उभा राहिला होता, हिवाळ्याची कातडी न्यायला.

लढाई सुरू झाली तशी तरणीताठी माणसं आघाडीवर गेली आणि वखारीला मात्र कातडी पहिल्यापेक्षा दुप्पट हवी झाली. खारी तर हव्यातच, पण खरा जीव सेबलमध्ये. सेबल म्हणजे मुंगसाएवढं जनावर. पण त्याची काळीभोर कातडी समुद्रापार जाते आणि तिच्या बदल्यात तिकडून मोटारी नि डब्यातलं मांस येतं, असं लुकिच सांगायचा. मोटारी लढाईवर गेल्या असतील. डब्यातलं मांस या नदीपर्यंत काही पोचलं नाही.

डोल्बोनचा मुलगा बिराक आघाडीवर गेला तेव्हा त्याची बंदूक सुनेनं उचलली. फेदोस्या तिचं नाव. या हिवाळ्यात वखारीनं तिच्या नावावर सात सेबलं लावली होती, तेवढी द्यायचीच. तिनं ती धरलीही, सोलून वाळवून खांबांवरच्या मालाच्या मचाणावर टांगलीही. आज मचाणावर एकही नव्हतं. सरकारी माल असा नाहीसा झाला की शिकाऱ्याला जिल्ह्याच्या गावी नेत, आणि तिकडे नेलेलं माणूस आघाडीवर गेलेल्यासारखंच परत येई. म्हणजे येत नसे. सुटायला एकच फट होती. माल जनावरानं नेला, असं वखारीच्या माणसानं मान्य केलं तर.

सेबलं कुठं गेली ते डोल्बोनला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच नेली होती.

नदी गोठायच्या सुमारास लुकिचनं त्याला वखारीमागं बोलावून हळूच सांगितलं होतं, की बिराक गेला. कुठं, कसा, काही नाही. प्रेतही नाही. म्हाताऱ्यानं त्याच्या उरलेल्या हाताला धरून शपथ घातली, सुनेच्या कानावर घालू नकोस. वरच्या झऱ्याकाठची मार्फा नवऱ्याची बातमी आली त्या दिवशी बंदूक खुंटीला लावून बसली, ती परत उठलीच नाही. वसंतात तिच्या तंबूत गेलेले लोक आत काय पाहिलं ते अजून सांगत नाहीत. फेदोस्याच्या बंदुकीवर तो स्वतः जगत होता आणि शेजारच्या तंबूतल्या दोन आंधळ्या म्हाताऱ्या जगत होत्या. "तो आला की त्याची बंदूक त्याच्या हातात देईन आणि आठवडाभर झोपेन," असं ती रोज म्हणायची. त्या झोपेच्या आशेवर ती उठत होती.

पण प्रेत नसलेला माणूस वाटेतच अडकतो. तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. म्हातारा तो विचार करून करून वाळला. शेवटी फेदोस्या रानात लावलेले फासे बघायला लांब गेली असताना त्यानं लार्चच्या लाकडाचा माणूस कोरला, त्याला बिराकचा सणाचा कोट चढवला, टेकडीमागं एका उंच झाडावर फळ्यांची माची करून मेलेल्याला निजवतात तसा त्यावर निजवला. शेजारी स्की ठेवल्या, चिलीम ठेवली. मग त्याच्या मनात आलं, या पोराच्या हातातून सेबलांचे ढीग गेले आणि गळ्याभोवती कधी एक शेपूटसुद्धा आली नाही. निदान आता तरी. सातही त्यानं त्या लाकडी गळ्याला गुंडाळली.

आणि मेलेल्याला द्यायची वस्तू मोडून द्यावी लागते. तिकडे सगळंच उलटं. इकडचं मोडकं तिकडे धड होतं. म्हणून कोट फाडला, स्की मोडल्या, चिलीम फोडली, आणि प्रत्येक सेबलाच्या पाठीवर सुरी ओढली. आता ती परत आणूनही उपयोग नव्हता.

"तर," डोल्बोन म्हणाला, "वादळ थांबलं त्या सकाळी मी मचाणाकडे गेलो. बघतो तर वर कोण? वुल्व्हरीन! अस्वलाचा धाकटा भाऊ, सगळ्या चोरांचा सासरा. आणि बसलाय कसा? मांडी घालून! गळ्यात सातही सेबलं, एकावर एक, थेट राजधानीतल्या बाईसारखी."

लुकिचच्या मिशा हलल्या. "मग? तू काय केलंस?"

"मी अदबीनं म्हटलं, पाव्हणं, उतरा खाली, तो माल सरकारचा आहे."

"आणि तो?"

"तो म्हणाला, मीही सरकारचाच आहे."

लुकिच फसकन हसला आणि लगेच दाराच्या कातड्याकडे बघून त्यानं हसू गिळलं. "म्हाताऱ्या, एक दिवस ही जीभ तुला खड्ड्यात घालेल."

"खड्डा खणायला जमीन कुठं सापडतेय? सगळा बर्फ."

फेदोस्या आगीपलीकडे बसली होती. केसाळ हातमोजे काढून एक बाजूला ठेवलेला, दुसरा मांडीवर. डोळ्यांखाली थंडीनं सोललेलं. म्हाताऱ्याला वाटलं, दमलीय पोर.

"मचाणाचे खांब मी पाहिले," लुकिच म्हणाला. "ओरखडे आहेत, खरंच आहेत. पण एक गंमत आहे. सगळे ओरखडे डाव्या पंजाचे."

वुल्व्हरीनचा वाळका पंजा डोल्बोनच्या पिशवीत होता, आजोबांच्या वेळचा. त्याच पंजानं त्यानं खांब ओरबाडले होते, आणि तो डावा होता. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण जीभ थांबली नाही.

"उजवा आघाडीवर ठेवून आला असेल," तो म्हणाला.

लुकिचनं आपल्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं. मग तो हसायला लागला, हसता हसता खोकला, खोकता खोकता डोळे पुसले. "अरे चोरा," तो म्हणाला. "अरे म्हाताऱ्या चोरा."

डोल्बोननं ओळखलं, मासा गळाला लागला. लुकिचला गोष्ट खोटी आहे हे कळत होतं. कुणासाठी खोटी आहे तेही बहुधा कळत होतं. त्याला फक्त वर सांगायला जनावर हवं होतं, आणि म्हातारा ते त्याला आयतं हाती देत होता.

"मामंजी," फेदोस्या म्हणाली. "ह्यांचा सणाचा कोट पण मचाणावर नाही."

"कोट? अगं, तेच तर सांगत होतो!" म्हातारा गडबडला, पण घोड्यावर बसलेल्याला आता उतरून चालणार नव्हतं. "थंडी काय त्याला वाजत नाही? घातला त्यानं कोट. बाह्या लांब झाल्या, त्या दुमडल्या. बटणं काही लागेनात, तर मलाच म्हणतो, आजोबा, जरा हात लावा."

"आणि तुम्ही लावलीत."

"लावली. मोठ्या घरचा दिसत होता."

लुकिच मांडीवर थाप मारून हसला. फेदोस्या हसली नाही. "आणि स्की?"

"स्कीवरूनच तर गेला! नाहीतर मी सोडतो की काय त्याला? टेकडीवरून असा सुसाट, कोटाचे पदर उडतायत, सेबलांच्या शेपट्या उडतायत."

"चिलीम?"

"तोंडात! धूर काढत गेला. तंबाखू कुठनं मिळाली विचारायचं राहिलं बघ. आपल्याला तरी कळलं असतं."

त्याला वाटलं, जमलं. सगळं एकाच चोराच्या अंगावर बसलं. कोट, स्की, चिलीम, सेबलं, काही उरलं नाही. सुनेचा आवाज इतका संथ का आहे, हे मात्र त्याला उशिरा जाणवलं. तिनं त्याला एकेक वस्तू हातात दिली होती आणि त्यानं खुशाल एकेक चोराला चढवली होती, जशी त्या दिवशी झाडावर चढवली होती तशीच.

लुकिच उठला. एका हातानं टोपी चढवली. "वुल्व्हरीन," तो म्हणाला. "वर तेच सांगेन. जनावरापुढं कुणाचं चालतं? कातड्यांच्या बदल्यातलं पीठ अर्धंच मिळेल, पण मिळेल. फेदोस्या, पुढच्या खेपेला मचाणाच्या खांबांना पत्रा ठोक. निघतो."

"थांबा," फेदोस्या म्हणाली.

"पोरी," लुकिच तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी मान्य केलंय. आता तू काही बोलू नकोस. ऐक माझं."

तिनं मांडीवरचा हातमोजा उचलून उलटा केला. त्यातून चिलमीचं तोंड निखाऱ्यांच्या कडेला पडलं. नुसतं तोंड, दांडी नव्हती. बिराकनं ते स्वतः कोरलं होतं, कडेला हरणाचं शिंग होतं. दोन्ही तुकडे आपण माचीवर ठेवले असं डोल्बोनला वाटलं होतं. डोळे आता पूर्वीसारखे राहिले नव्हते.

"खोटं," फेदोस्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सगळं खोटं, मामंजी. हे मला सकाळी टेकडीमागच्या वाटेवर मिळालं. दातानं तुटलेलं नाही. दगडावर ठेवून दगडानं फोडलंय. चोर धड वस्तू नेतो, मामंजी. मोडून कुणाला देतात?"