सरूबाईंच्या हातावरचं नाव

दौंडच्या प्रसूतिगृहातली नोकरी सोडून सुलक्षणानं शिरूरला नव्या निघालेल्या त्वचेच्या दवाखान्यात काम धरलं, तेव्हा खुटबावात तिच्या सासूबाई, सरूबाई, भेटेल त्याला सांगू लागल्या, "आमच्या सूनबाई आता बाळं न्हाई, थोबाडं धुत्यात."

सुलक्षणा हसून सोडून द्यायची. पण नवं काम तिच्याही अंगवळणी पडलं नव्हतं. बाळंतिणीला धीर कसा द्यायचा ते तिला ठाऊक होतं. इथं येणारी माणसं धडधाकट, आणि आरसा बघून रडणारी. लेसरची मशीन डॉक्टर मॅडम चालवायच्या. सुलक्षणानं आधी बधिर करणारं मलम लावायचं, डोळ्यांवर चष्मा चढवायचा, नंतर बर्फ धरायचा आणि पेशंटला हलू द्यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात एक नवरी मशीनचा आवाज ऐकून मलमासकट पळाली.

"हात चांगला आहे तुझा," मॅडम म्हणाल्या, "पण तू बोलतच नाहीस गं."

एकदा सुट्टीला ती खुटबावला आली, तर सरूबाईंनी तिला गोठ्यामागं नेलं.

"तुझी ती मशीन गोंदण काढती का?"

"काढते की. कुणाचं?"

"हाय एका बाईचं."

"मग त्या बाईचा हात बघू."

सरूबाईंनी बांगड्या मागं सारल्या. नवी नवरी असताना जत्रेत त्यांनी नवऱ्याचं, हौसरावांचं नाव हौसेनं गोंदून घेतलं होतं. पण हातावर होतं 'मौसराव'.

"साक्षरतेच्या वर्गात बाराखडी शिकले आन् घात झाला. तवापासनं पदराखाली झाकतीया. ह्यांना सांगू नगं."

शिरूरला लेसरचा पहिला चटका बसताच सरूबाई उडाल्या. "आगं, कढईतलं तेल उडतंय जणू!"

सुलक्षणानं मनगट घट्ट धरलं आणि तिची जीभ एकदम मोकळी झाली. "आत्याबाई, थोबाडं धुणारीनं हात धरलाय. आता पळून दाखवा."

सरूबाईंना असं हसू फुटलं की पुढचे चटके त्यांना जाणवलेच नाहीत. मॅडमही गालात हसल्या. काही महिन्यांत, चार-पाच खेपांनी, चुकलेला 'मौ' तेवढा पुसट होत नाहीसा झाला.

दिवाळीला सरूबाईंच्या हातून चहा घेता घेता हौसराव थबकले. "मौ कुठं गेला?"

सरूबाईंच्या हातातली बशी कलली. "तुम्हाला म्हाईत व्हतं?"

"त्याच दिशी वाचलं. एवढ्या सुया सोसून आलीस, डोळ्यांत पाणी आन् तोंडावर हसू. कसं सांगायचं?" त्यांनी चष्मा लावून हात पुन्हा वाचला. "आता नुसतं 'सराव' राह्यलं. बरोबर हाय. एवढी वर्सं सरावच चाललाय. संसार कवा सुरू व्हायचा?"

"च्या प्या गुमान," सरूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. सुलक्षणा मागोमाग गेली, तर त्या चुलीपाशी बसून हातावरून बोट फिरवत होत्या.

"उरलेलंबी काढायचं का, आत्याबाई?"

"काय नगं. ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा एसटीला निघाली, तर शेजारच्या अनसाबाई वाटेतच उभ्या. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून त्यांनी गालावरची चामखीळ दाखवली.

"दुखतंय का गं लई?"

"थोडं दुखतं, मावशी. पण मी असते ना जवळ."

एवढं बोलून सुलक्षणानं पिशवी खाली ठेवली आणि त्यांची हनुवटी हलकेच उजेडाकडं वळवली.