मागून म्हणायची पाटी

मी पाटी बोलतेय. जपानमधल्या हामामात्सू शहरात, एका कंपनीत, जिन्यासमोरच्या भिंतीवर माझी जागा होती. म्हाताऱ्या सुगायांनी कंपनी काढली तेव्हा स्वतः शाई घोटून, कुंचल्याने माझ्यावर पाच ओळी लिहिल्या. तिसरीपाशी त्यांचा हात अडला. ‘चूक दिसली तर लपवणार नाही.’ “ही जड जाईल पोरांना,” असं बायकोला म्हणाले, आणि तरी लिहिली.

कंपनी दवाखान्यांतल्या सलाईनच्या यंत्रांचे प्रोग्राम बनवायची. रोज सकाळी सगळे माझ्यासमोर रांगेने उभे राहत. ज्याची पाळी असेल तो एकेक ओळ म्हणायचा, बाकीचे ती मागून म्हणायचे. सुगाया होते तोवर लोक माझ्याकडे बघून म्हणत. ते गेल्यावर तोंडं चालू राहिली, डोळे मात्र जमिनीकडे गेले. कुणाच्या तोंडाला न्याहारीच्या मिसो सुपाचा वास, कुणी जांभई गिळतोय. मी रागावत नसे. रोजचं झालं की देवाच्या आरतीचंही तेच होतं.

चिझुरू कुवाबारा तिथे प्रोग्रामची तपासणी करायची. तिला आढळलं, की सलाईन संपली तरी कधीकधी यंत्राची घंटा वाजत नाही. विभागप्रमुख हिरोसेंना तिने जिन्यापाशीच गाठलं.

“हिरोसेसान, हा माल थांबवायला हवा.”

“अहो कुवाबारासान, माल उद्या निघतोय! शंभरदा चालवलं तर एकदा होणार. पुढच्या खेपेला करू की दुरुस्त.”

“ते एकदा कुणाच्या तरी जिवावर बेतेल.”

“तुम्ही फारच मनाला लावून घेता बुवा,” म्हणत ते हसले आणि जिना चढून गेले.

दुसऱ्या सकाळी पाळी नेमकी तिची होती. दोन ओळी झाल्या. तिसरीला तिने माझ्याकडे बघितलं. मग ती मोठ्याने म्हणाली, “सलाईन संपली तरी घंटा वाजत नाही. मी स्वतः पाहिलंय.”

आणि सगळ्यांनी खाली मान घालून, एका सुरात मागून म्हटलं, “सलाईन संपली तरी घंटा वाजत नाही. मी स्वतः पाहिलंय.”

हिरोसेंनी घाईघाईने चौथी ओळ म्हटली. लोकांनी तीही म्हटली. मग पाचवी झाली आणि जो तो आपापल्या टेबलाकडे गेला. चिझुरू तिथेच उभी होती. दुपारी माल निघाला.

त्या थंडीत एका दवाखान्यात एक आजीबाई गेल्या. घंटा वाजली नव्हती. वरचे साहेब माफी मागत कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकले. चौकशीला माणसं आली, त्यांनी एकेकाला विचारलं. “आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही हो,” चिझुरू सोडून सगळे म्हणाले. हिरोसे सोडले तर ते खोटं बोलत नव्हते. माझा जीव तुटतो तो यानेच.

चिझुरूने नोकरी सोडली. जाताना माझ्यासमोर येऊन खूप रडली. मला तोंड असतं तर म्हटलं असतं, बाई, तू सांगितलंस. मी ऐकलं.

आता माझ्या जागी चकचकीत नवी पाटी आहे, तिच्यावर भरपूर कलमं आहेत. मी तळघरात, झाडूंच्या मागे. सकाळचा तो एकसुरी आवाज इथवर येतो. नियम हवे तेवढे लिहा, बाबांनो, माझी ना नाही. पण एखादं माणूस एकटं बोलत असेल, तर त्याच्या मागून म्हणू नका. जरा गप्प राहा, आणि ते काय म्हणतंय ते ऐका.