किंमत लिहिलेली गोधडी

मित्रांनो, माझ्या अंगावर जागोजागी निळसर काहीतरी दिसते म्हणून नाक मुरडू नका. ते डाग नाहीत, आकडे आहेत. मी एक जुनी गोधडी आहे आणि मला बनवायला किती खर्च आला, ते माझ्या अंगावरच लिहिलेले आहे. दुकानातल्या पांघरुणांनाही किमतीची चिठ्ठी असते, पण ती घरी नेल्यावर कापून टाकतात. माझी चिठ्ठी कापायची तर मलाच कापावे लागेल.

माझा जन्म एका लहानशा घराच्या मागच्या खोलीत झाला. खोलीत एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचे टेबल आणि खिडकीखाली कापडांची पेटी होती. घरातली सगळी कामे उरकली की मला शिवणारी बाई तिथे येऊन बसे. त्या घरातली एकुलती एक मुलगी तिला आई म्हणे, म्हणून मीही आईच म्हणते. पिवळ्या तुकड्याशेजारी कोणता निळा बसेल, हे ठरवायला तिला अर्धी दुपार लागायची. दोन तुकडे उजेडात धरायची, डोळे बारीक करायची, मान हलवायची आणि परत पेटीत हात घालायची. गोधड्या शिवणे हा तिचा एवढा एकच छंद होता. साड्यांची तिला हौस नव्हती आणि हिंडण्याफिरण्याचीही नव्हती.

बाबा एका गोदामात माल सांभाळायचे. यंत्रांचे सुटे भाग, नट, बोल्ट, पट्टे, सगळे खोक्यांत भरलेले आणि प्रत्येक खोक्यावर किंमत घातलेली. माणूस व्यसनी नव्हता, हात उचलणारा नव्हता. फक्त घरात शिरतानाही तो गोदामातच शिरायचा.

"हे कापड कितीचं?" ते विचारायचे. "आणि घरात चिंध्यांचा ढीग असताना नवं कशाला?"

"अहो, अस्तराला एकसंध कापड लागतं."

"लागतं, लागतं. तुला सगळंच लागतं."

मग आई खर्च एका कागदावर पेन्सिलीने लिहू लागली. सुई, दोरा, कापूस, कापड. बाबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "पेन्सिलीचं काय, खोडता येतं. शिवाय कुठला तुकडा कुठल्या कापडाचा, ते मला कसं कळणार? आमच्याकडे किंमत मालावरच घालतात. मालावर घातली की वाद मिटला." दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामातून एक जाड निळे पेन आणले. पोत्यांवर लिहायचे. "जन्मात पुसायचं नाही," असेही सांगितले आणि त्यात ते खरे निघाले.

तेव्हापासून आई कापड कापायची, त्याची किंमत तुकड्यांत वाटायची आणि प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला त्याचा वाटा लिहायची. रंग जुळवायला बसणारी बाई आता भागाकार करत बसायची. बाबा जेवणाआधी येऊन तुकडे उलटे करून पाहायचे आणि समाधानाने हात धुवायला जायचे. याच काळात त्यांनी बैठकीच्या खोलीत माशांची टाकी आणली. तिला मोटर होती, दिवा होता, तळाला रंगीत खडे होते. मासे मेले, नवे आणले, तेही मेले. पण एकाही माशाच्या पोटावर किंमत लिहिलेली मी ऐकली नाही.

माझी पाळी आली तेव्हा मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. घर सोडून जाणाऱ्या लेकीला आईला काहीतरी द्यायचे होते आणि ते निव्वळ द्यायचे होते. तिने धीर करून बाबांना विचारले.

"अहो, ही पोरीसाठी करतेय. एवढी एक गोधडी हिशेबाबाहेर राहू दे ना."

"पोरीची असो नाहीतर परक्याची, खर्च तो खर्चच," बाबा म्हणाले. "आज एकीला सूट दिली की उद्या दुसरीला मागशील."

आईने पेनाचे टोपण काढले. माझा एकेक तुकडा तिने उलटा केला आणि लिहिले. शेवटी मधला तुकडा उरला. तो होता लाल ठिपक्यांच्या फ्रॉकचा. मुलगी लहान असताना आईनेच तो शिवला होता आणि मुलगी तो अंगातून काढू द्यायची नाही, ओलाच परत घालायची.

"याला काही पडलं नाही," आई म्हणाली. "घरचाच आहे."

"मग शून्य लिही. पण लिही. कोरा ठेवलास तर विसरलीस की लपवलंस, ते कळत नाही."

आईने पेन फ्रॉकवर टेकवले आणि तसेच धरून ठेवले. बाबांनी घसा खाकरला तेव्हा कुठे शून्य पुरे झाले. मग वर कापूस आला, अस्तर आले, धावदोरा आला आणि आकडे माझ्या पोटात गेले. "जाऊ दे, आतलं आतच राहील," असे आई मला टाके घालताना पुटपुटायची. तिच्या मांडीवर मी हळूहळू जड होत गेले. ते दिवस फार सुखाचे होते, हे मी रागावलेली असले तरी कबूल करते.

मुलीने मला उलगडले आणि ती ओरडलीच, "आई, माझा फ्रॉक!" तिने त्या तुकड्यावर गाल घासला. नव्या शहरात ती दोन मैत्रिणींबरोबर राहायची. तिघी माझ्याखाली पाय घुसवून बसायच्या, भांडायच्या, रडायच्या, परीक्षांचे आणि साहेबांचे किस्से सांगायच्या. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, ही कुठून आणली? "माझ्या आईनं केलीय," असे ती काय तोऱ्यात सांगायची! मित्रांनो, माझ्या आयुष्यातले कौतुक एवढेच आहे, म्हणून मी ते दोनदा आठवते.

मग एकदा माझ्यावर चहा सांडला. मुलीने मला गरम पाण्यात, साबणात बुडवून ठेवले. चहा निघून गेला. पण पोत्यावरची ती शाई गरम पाण्याने जागी झाली, कापडातून पाझरली आणि वर आली. दोरीवर वाळत घातल्यावर माझ्या प्रत्येक तुकड्यावर आकडे उमटले होते, तेही उलटे. फक्त एका तुकड्यावरचा छत्तीस कुठूनही वाचा, छत्तीसच.

"अगं, किमतीची चिठ्ठी काढायची राहिली की काय?" एक मैत्रीण म्हणाली. "बघू, तू केवढ्याला पडलीस!" दुसरी हसली. त्यांच्या मनात वाईट नव्हते. मुलगी हसली नाही. तिने फ्रॉकच्या तुकड्यावर बोट ठेवले.

पुढच्या सुट्टीत ती मला घेऊन घरी आली. मागच्या खोलीत तिने मला इस्त्रीच्या टेबलावर ठेवले.

"माझ्या फ्रॉकची किंमत शून्य, आई?"

"अगं, तो घरचाच होता ना, म्हणून..."

"बाबांनी लिहायला लावलं, हे मला सांगायला नको. लहानपणापासून माझ्या वहीपासून चपलेपर्यंत सगळ्याचा हिशेब ऐकलाय मी. त्यातून सुटायला तर गेले. आणि तू तोच माझ्या पांघरुणात शिवून दिलास?"

"माझा नाइलाज होता गं."

"असेल. पण अक्षर तुझं आहे, आई."

मुलगी मला तिथेच ठेवून गेली. नंतर तिचे फोन येत राहिले, पण गोधडीचा विषय दोघींनीही काढला नाही.

आईने मशीनवर चादर घातली ती घातलीच. कापडांची पेटी शेजारच्या शिंप्याला देऊन टाकली. महिनाअखेरीला बाबा खूश झाले, "बघ, मनात आणलं की खर्च आटोक्यात येतो." माझी रवानगी कपाटाच्या तळाशी, डांबराच्या गोळ्यांत झाली. तिथे मी किती वर्षे पडून होते, ते विचारू नका. मोजण्याचा मला उबग आला आहे.

बाबा निवृत्त झाले. एका दुपारी त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि घरातली सगळी पांघरुणे घालूनही हुडहुडी थांबेना, तेव्हा आईने मला बाहेर काढले. ताप उतरल्यावर त्यांचे लक्ष माझ्या आकड्यांकडे गेले. गोदामात पोत्यांतून पाझरलेले आकडे पाहून त्यांना उलटे वाचण्याची सवय झाली होती. बोट फिरवत, ओठ हलवत त्यांनी बेरीज केली. मग परत केली.

"एवढेच झाले होते?" ते म्हणाले.

"एवढेच."

"मला वाटलं, पुष्कळ गेले असतील." त्यांना आठवले असावे की मशीन कित्येक वर्षांत ऐकू आलेले नाही. "मग आणखी एखादी का करत नाहीस? परवडेल."

आई औषधाचा चमचा पुसत होती. ती म्हणाली, "कोणासाठी?"

बाबांनी मला गळ्यापर्यंत ओढून घेतले आणि मी त्यांना ऊब दिली. गोधडीला दुसरे काही करता येत नाही.

मित्रांनो, गोधडी गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. ती मुलगी कुठे भेटली तर तिला एकदा घरी पाठवा. माझ्यावरचे बाकीचे आकडे बारीक आणि घाईघाईत काढलेले आहेत. फ्रॉकवरच्या शून्याच्या सुरुवातीला मात्र शाईचा एक मोठा, जाड ठिपका आहे, कारण तिथे पेन टेकवून आई खूप वेळ थांबली होती. मुलीने शून्य वाचले. तो ठिपका तिने अजून पाहिलेला नाही.