पूजेत मांडलेला पाना

काकासाहेबांनी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं पाने फिरवले. गाडीची बॅटरी बदलणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. त्यातल्या डाव्या हाताला आता बोटं चारच उरली होती, हा भाग वेगळा.

नवी बॅटरी दोन दिवस जिन्याखाली पडून होती. जुन्या फियाटमधली फुगली होती, कधी मान टाकेल त्याचा नेम नव्हता. पण नवी वस्तू दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवावी, हे खुद्द काकासाहेबांचंच डोकं. खंडेनवमीला सकाळी त्यांनी सगळी हत्यारं देवापुढं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. पूजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नसतं. दुपारी पैठणहून फोन आला. त्यांच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा, धाकटा भाऊ बद्रीनाथ अखेरच्या घटका मोजत होता आणि सारखं बहिणीचं नाव घेत होता.

गाडी सुरू होईना. नुसती टक् वाजून गप्प. पुंडलिकनगरच्या त्यांच्या गल्लीतल्या चौघांनी ढकलून पाहिली. ढकलायला हत्यार लागत नाही, म्हणून द्वारकाबाईंची हरकत नव्हती. दोन गचके खाऊन गाडी थांबली. एसटीनं जावं तर बाईंचा मोडलेला पाय मांडीपर्यंत प्लास्टरात, त्यामुळं मागच्या सीटवर आडवं होऊनच जाणं शक्य होतं. चौकातल्या भाड्याच्या जीपांना हार घालून मालक आपापल्या गावी गेले होते.

"दहा मिन्टांचं काम हाय," काकासाहेब म्हणाले. "पाना घेतो."

"आज पाना उचलायचा नाय," द्वारकाबाई खाटेवरून म्हणाल्या. "एकदा उचलला तवा तुमचं बोट गेलं. आता माझ्या भावाच्या जिवावर यायचं."

बोट खंडेनवमीलाच गेलं होतं, हे खरं होतं. तातडीची ऑर्डर म्हणून साहेबानं पूजेतला पाना उचलायला लावला आणि संध्याकाळी काकासाहेब दवाखान्यात. असल्या पुराव्यापुढं माणूस काय बोलणार? कोपऱ्यावरचा रशीद मिस्त्री स्वतःचा पाना घेऊन आला. "भाभी, पाना मेरा, हात मेरा. पाप लगा तो मेरेकू लगेगा," म्हणाला. द्वारकाबाईंनी त्यालाही हात जोडले.

"लोखंड कुणाचंबी असू द्या, भाऊ. आज नाय."

काकासाहेब पाटासमोर जाऊन बसले. दहा नंबरचा पाना हाताच्या अंतरावर होता. दोनदा त्यांचा हात पुढं गेला आणि दोन्ही वेळा तुटक्या बोटाकडं बघून मागं आला. आत बायको भावाच्या नावानं रडत होती. आयुष्यभर बंद पडलेली यंत्रं चालू केलेल्या माणसाला स्वतःच्या घरात असं लुळं होऊन बसावं लागलं, याची त्यांना लाज वाटली.

दसऱ्याला उजाडताच त्यांनी फुलं बाजूला सारून पाना उचलला. गाडीची किल्ली काढली, मनगटावरचं घड्याळ उतरवलं. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. टोकांवरचा पांढरा थर सोड्याच्या पाण्यानं धुऊन पुसला. नवी जोडताना आधी लाल, शेवटी काळी. कुठं ठिणगी उडाली नाही. दहा मिनिटंही लागली नाहीत. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली आणि काकासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पैठणला अंगणात माणसं माना खाली घालून बसली होती. बद्रीनाथ पहाटेच गेला होता. त्याची बायको सारजाबाई गाडीजवळ आली आणि नणंदेचा हात धरून म्हणाली, "रातभर दाराकडं बघत व्हते, वन्सं. मी म्हणलं, तुम्हाला आणायला आपली जीप पाठवू. तर म्हणले, नवमी हाय, पूजलेली गाडी हलवू नका. अक्काचा एक पाय मोडलाय, आणखी काही व्हायला नको."

द्वारकाबाई मागच्या सीटवर आडव्याच होत्या. कोपरावर भार देऊन त्यांनी मान उचलली. मग नवऱ्याकडं वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझं ऐकलं कशाला?"