मच्छरदाणीच्या काड्या

गिरधरआबांनी चौकटीतून बांबूची कांब सोडवली आणि फरशीवर ठेवली. कांब वाकलेलीच राहिली. दुसरी सोडवली, तिचीही तीच तऱ्हा.

"एकदा वाकली का वाकलीच," आबा म्हणाले. "आता हिच्यात जोर नही."

कामिनी, त्यांची सून, खाली बसून पॉलिशपेपरने पट्ट्या घासत होती.

चौकट साधीच होती. खाली फळी, वर फळी, चार कोपऱ्यांना चार खांब. खालच्या फळीवर स्वरमंडलाचा, म्हणजे आबा बनवत त्या तंतुवाद्याचा, पातळ लाकडी तक्ता ठेवायचा, त्यावर आधाराच्या पट्ट्या सरसाने चिकटवायच्या. कडेला आवळून धरायला शिकंजा लागतो, पण मधोमध त्याचा हात पोचत नाही. तिथे वरच्या फळीपर्यंत लवचीक काड्या वाकवून उभ्या करायच्या. सरळ व्हायच्या ओढीने त्या पट्टीला दाबून धरतात. आबांनी लोखंडी सळई लावून पाहिली होती, ती लाकडात घुसली. प्लॅस्टिकची नळी नुसतीच लवली. खरी हवी होती फायबरची, पण जळगावचा दुकानदार आज देतो, उद्या देतो करत होता. मग दुधाची तहान ताकावर म्हणून केळीच्या बागेतला बांबू चिरला, तर त्यानेही हात टेकले.

"आबा," कामिनी म्हणाली, "फायबरच्या काड्या आहेत इथेच."

"कोठी?"

"माळ्यावर. हार्मोनियमच्या जुन्या पेटीमागे."

शेगडीवरचा सरस ढवळणारा आबांचा हात थांबला.

मागच्या वर्षी कामिनीला सातवा लागला तेव्हा आबा जळगावहून छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी घेऊन आले होते. हिरवी, वर पिवळी बदकं. त्यांच्या बायकोने, सुगंधाबाईंनी, ती पाहून कपाळाला हात लावला होता. "बाळ येवाच्या आधी बाळाचं काही आनता का घरात?" आबा हसले होते. सावद्यात लिंबू-मिरचीला हसणारा माणूस म्हणूनच त्यांची ख्याती. तरी बायकोच्या समाधानासाठी त्यांनी ती कारखान्याच्या माळ्यावर दडवली. पुढच्याच महिन्यात दवाखान्यातली नर्स खाली मान घालून बाहेर आली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा आठवली ती बदकं. सुगंधाबाई त्यानंतर त्याविषयी चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आबांना अजून वाटे. मुलगा भूपेंद्र दीपनगरच्या वीजकेंद्रातल्या ड्यूटीत बुडाला आणि घरातल्या नजरा नकोशा झालेली कामिनी दुपारची कारखान्यात येऊन बसू लागली. तिला मच्छरदाणीचं काही माहीत नाही, एवढाच आबांना आधार होता.

आता ती तीच मच्छरदाणी घेऊन शिडीवरून खाली उतरत होती. वर्तमानपत्राचं वेष्टण तिने वरच सोडलं होतं.

"राहू दे ते," आबा म्हणाले. "मी उद्या जाईन जळगावले."

कामिनीने शिवण उसवून एक काडी ओढून काढली. दोन्ही टोकं धरून वाकवली, सोडली. काडी सरळ झाली.

"बारीक हाये," आबा म्हणाले.

"आखूड केली की जोर येतो. तुम्हीच सांगता."

तिने काडी पाटावर धरली. आबांनी करवत घेतली, पण पातं काही चालेना.

"कामिनी, मी हे..."

"सरस आटेल, आबा."

तिने काडी घट्ट धरून ठेवली. आबांनी कापली. मग दुसरी, मग बाकीच्या.

सरस लावण्याआधी आबा नेहमी एकदा कोरडंच मांडून पाहत. त्यांनी पट्टी ठेवली, काडी वाकवून उभी केली. काडीने जोर छान धरला, पण टोकाखाली पट्टीवर वण उठला. आबांनी ती पुन्हा काढली.

"मऊ फडकं लागीन खाली."

कारखान्यातली सगळी फडकी पॉलिशने कडक झालेली. कामिनी घरात गेली. तिच्या ट्रंकेची कडी वाजली. ती परत आली आणि मुठीतलं कापड तिने पाटावर ठेवलं.

टोपडं होतं. पांढरं, मलमलीचं. बंद न बांधलेले, खळ न मोडलेली.

आबा खाली बसले.

"हे कव्हा आनलं?"

"पाचवा होता. धुळ्याला माहेरी गेले होते तेव्हा. आवडलं म्हणून घेतलं, कोणाला न सांगता."

"भूपेंद्रले?"

"नाही."

शेगडीवर सरस रटरटू लागला होता. आबांनी उठून भांडं उतरवलं.

"मले वाटे, माह्याचपायी झालं," ते तिच्याकडे पाठ करून म्हणाले.

"मलाही वाटायचं," कामिनी म्हणाली. "माझ्यामुळे."

आबांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. कामिनीने टोपड्याची चौपदरी घडी केली आणि पट्टीवर ठेवली. आबांनी काडी वाकवून तिच्यावर टेकवली. लाकडावर वण उठला नाही.

बाकीच्या काड्या पाटावर पडून होत्या.

"झबलं बी आनलं व्हतं का?" आबांनी हळूच विचारलं.

कामिनीने मान हलवली आणि ते आणायला घरात गेली.