खोलीत बोललेलं सगळं

"पाकिटातून काढा अन् आधी मातीत घोळवा. नवे कोरे दिसले की ती बाई इचारती," असं म्हणून बागेचा सुपरवायझर धनराज याने हातमोज्यांचा खोका ओट्यावर उलटा केला.

बायका उकिडव्या बसल्या आणि मोजे मातीत घासू लागल्या. कोणी हसलं नाही. दर डिसेंबरला बागेची तपासणी व्हायची आणि दर डिसेंबरला हे काम असायचं. तृप्ती चार पावलांवर उभी होती. धनराजने तिच्याकडे पाहिलं, पण खोका लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"तुमी आपल्याच जिल्ह्याच्या ना मॅडम? मग झालं. तुमच्या जागी पुण्याचा आला होता गेल्या साली, लय चांगला माणूस. जाताना दोन पेट्या घेऊन गेला."

"मला पेट्या नकोत," तृप्ती म्हणाली.

"नका घेऊ. तुमच्यावाचून काय द्राक्षं आंबट व्हायची नाय."

नऊ वर्षं तृप्ती दुभाष्याचं काम करत होती. नियम साधा होता. मुलाखतीच्या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, वाढवायचं नाही, गाळायचं नाही. खोलीबाहेर जे दिसलं, जे कानावर पडलं, ते दुभाष्याने स्वतःजवळ ठेवायचं. तपासायला दुसरं माणूस असतं. या नियमाचा तिला आधार वाटत असे. त्याआधी ती फळांवरचे औषधांचे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. द्राक्षांच्या एका नमुन्यात औषधाचा अंश मर्यादेच्या किंचित वर आला होता, शून्य दशांश शून्य एक दोन. साहेब म्हणाले, शेवटचा दोन सोडून दे, कोणाचं काय बिघडतं? तिने सोडला नाही. दोन महिन्यांनी तिचीच नोकरी सुटली. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या भाड्याच्या खोलीत तेव्हा गॅस संपला होता, तरी तिला आठवड्याभर शांत झोप लागली होती.

एल्स ऑफिसातून बाहेर आली. ही तपासनीस बाई हॉलंडहून आली होती. द्राक्षं तिकडच्या दुकानांत जायची होती, आणि मजुरांना नीट वागवलं जातं असं तिने लिहून दिल्याशिवाय कंटेनर हलणार नव्हता. तिने हजेरीपटावरून आठ बायकांची नावं स्वतः काढली होती.

"गेल्या वर्षी त्या आपापसात खूप बोलत होत्या," चालता चालता ती इंग्रजीत म्हणाली. "दुभाषी म्हणायचा, काही विशेष नाही. त्याला त्यांची भाषा येतच नव्हती, हे मला विमानात बसल्यावर कळलं. म्हणून यंदा तुला मागून घेतलं."

डबा खायच्या खोलीत आठ बायका भिंतीला टेकून बसल्या. धनराजला बाहेर काढून एल्सने दार लावलं. तृप्तीने पाहिलं, त्या आधीच एकमेकींत कुजबुजत होत्या, अगदी मोकळ्या, जणू खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. कोण काय उत्तर देणार हे ठरत होतं. मधल्या म्हाताऱ्या बाईचं सगळ्या ऐकत होत्या. ती भागीबाई, टोळीची म्होरकी. टोळी सुरगाण्याकडची, अठ्ठावीस घरांतून आलेली.

त्यांना बरं वाटेल म्हणून तृप्ती कोकणीत, सुरगाण्याकडच्या आदिवासी बोलीत, म्हणाली, "घाबरू नोका. माला तुमची बोली येते."

कुजबुज थांबली. एकीने पदर ओढून घेतला. एवढी शांतता तृप्तीने कुठल्याच मुलाखतीत ऐकली नव्हती.

"कोनाची पोर तू?" भागीबाईने विचारलं.

"मोतीराम भोयेची. आश्रमशाळेवर मास्तर होते."

"मास्तराची पोर!" एक बाई पुटपुटली. "माझा भाऊ त्याच्याच हातचा मार खाऊन शिकला."

"आन् आता पोर आलीय परीक्षा घ्यायला," दुसरी म्हणाली.

भागीबाई हसली नाही. "मंग तं तू आमचीच. गेल्या साली तो पुन्याचा होता, त्याच्यापुढं आमी काय बी बोलायचो. बरा होता. आज तू बहिरी हो."

"काय म्हणतायत?" एल्सने विचारलं. पेन कागदावर टेकलेलं होतं.

"मी कोणाची मुलगी ते विचारतायत. माझे वडील त्यांच्याकडे शिक्षक होते."

बहिरी हो, हे तिने सांगितलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने एक वाक्य गाळलं होतं. भागीबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. इंग्रजी वाक्य किती लांब झालं यावरून ती अंदाज घेत असावी. तिने हलकेच मान डोलावली. सौदा झाला असं तिने धरलं, आणि तृप्तीला ते कळलं.

प्रश्न सुरू झाले. प्यायला पाणी आहे? आहे. संडास? आहे. दुपारची सुट्टी? मिळते.

"हातमोजे देतात?"

"देतात," सगळ्या एकदम म्हणाल्या. एकीने मातकट मोजा वर करून दाखवला.

"देतात," तृप्तीने सांगितलं. एल्सने चौकोनात खूण केली.

"औषध मारल्यावर बागेत कधी जाता?"

"दुसऱ्या दिशी," भागीबाई मराठीत म्हणाली. पाठ केलेलं उत्तर होतं.

"या हंगामात कोणी आजारी पडलं?"

कोपऱ्यातली छाया एकदम पुढे सरकली. वीसेक वर्षांची असेल. "राखी..." एवढंच ती बोलली.

भागीबाईने मान वळवली. ती कोकणीत बोलली, हळू, पण घाईने नाही. "राखीचा नाव काडू नोको. सून माझी आहा, माला काय दुख नाही? तिचे हात भरून येतील. बाग बंद झाली तं अठ्ठावीस घरां कठं जातील?"

"काय म्हणाली ती?"

भागीबाई आता तृप्तीकडे बघतही नव्हती. मघाशी डोलावलेली मान तिला पुरेशी वाटत असावी. खोलीतली प्रत्येक बाई मात्र तृप्तीकडे बघत होती. 'काही विशेष नाही' एवढंच म्हणायचं होतं. पुण्याचा माणूस तेच म्हणाला होता, तोही न समजता, आणि या बायकांना तो बरा वाटला होता. तृप्तीला समजत होतं, हीच तिची पात्रता होती. त्यासाठीच तिला बोलावलं होतं.

"तृप्ती?" एल्स म्हणाली. "तिने काहीतरी सांगितलं. बरंच सांगितलं."

तृप्तीने सांगितलं. पहिल्या शब्दापासून, त्याच क्रमाने, सून आणि अठ्ठावीस घरांसकट. स्वतःचा आवाज तिला प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवत असल्यासारखा सपाट ऐकू आला.

एल्सचं पेन धावू लागलं. "राखी कोण? कधी झालं? कुठल्या बागेत?"

तृप्तीने विचारलं. भागीबाईने ओठ मिटून घेतले. इंग्रजीत गेलेलं राखीचं नाव तिने ऐकलं होतं.

बोलली ती छाया. फुटलेल्या नळासारखं सगळं एकदम आलं. सकाळी सातला ट्रॅक्टर औषध मारून गेला. नऊला बायकांना घडांच्या विरळणीला आत घातलं, पानं अजून ओली होती. संध्याकाळी राखीच्या हातांना फोड आले, कोपरापर्यंत. रात्रभर उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी धनराजने तिला जीपमध्ये बसवून गावी पाठवलं आणि तिचं नाव गाळून हजेरीपट नवा लिहिला. तृप्ती एकेक वाक्य इंग्रजीत नेत होती. अडखळली फक्त एकदा. राखीला भाकरी मोडता येत नाही, सासू भरवत होती, असं छाया म्हणाली तेव्हा.

दुपारी ऑफिसात एल्सने मालकाला सांगितलं. राखीवर उपचार करा, फवारणीच्या नोंदी दाखवा, दुरुस्तीला अठ्ठावीस दिवस. आणि एकाही मजुराला यावरून काढायचं नाही. मालक दर वाक्याला 'येस, येस' म्हणत होता. एल्सला पुढच्या बागेला जायचं होतं, अडीचला तिची गाडी गेली. तृप्तीला नाशिकला नेणारी गाडी साडेचारला येणार होती.

ती व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली. धनराज आला आणि समोर उभा राहिला.

"बोलायलाच पाहिजे होतं का?"

"ती राखी मेली असती तर?"

"मेली नाय ना! अन् तुमाला तिचा पुळका होता तर इचारायचं होतं तिच्या सासूला. ती तर गप बस म्हणत होती. छायानं सांगितलं मला सगळं, रडत रडत." तो थुंकला. "लय शिकल्या तुमी मॅडम. आमी परके, पण बायांचं पोट कशावर चालतं ते आमाला कळतं."

"काढायचं नाही असं मालकांना सांगितलंय."

"काढलं कोनी? काम संपलं, टोळी चालली. बागेला आता माणूस लागत नाय." तो निघून गेला. बागेत अर्ध्या ओळींची विरळणी राहिलेली व्हरांड्यातूनही दिसत होती.

तृप्तीने एल्सला फोन लावला.

"हे सूड उगवणं झालं," एल्स म्हणाली. ती खरोखर चिडली होती. "मी नोंद करते. पण तक्रार त्यांच्याकडून यायला हवी. भिंतीवर फलक आहे ना, त्यावर नंबर आहे. त्यांना फोन करायला सांग."

फलक डबा खायच्या खोलीच्या दाराशी होता. तृप्ती त्याच्यासमोर उभी राहिली. 'आपली तक्रार नोंदवणे हा आपला हक्क आहे. आपली ओळख गुप्त ठेवली जाईल.' स्वच्छ, सोपं मराठी. त्याचं भाषांतर तीन वर्षांपूर्वी तिनेच केलं होतं, आणि 'ओळख' हा शब्द निवडायला अर्धा दिवस घालवला होता. आठांपैकी वाचता येणारी बहुधा एकटी छाया असेल.

तिने वहीचं पान फाडून नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला.

शेडमागे टोळीची शेवटची जीप उभी होती, बाकीच्या आधीच निघाल्या होत्या. चुलीची भांडी, गोधड्या, पाण्याचे कॅन टपावर चढत होते. बायका जोरजोरात बोलत होत्या. तांदूळ कोणाच्या पोत्यात गेला, तवा राहिला का, गुजरातेत या दिवसांत काम मिळेल का. तृप्तीला सगळं कळत होतं. ती शेडला वळसा घालून समोर आली आणि बोलणं थांबलं. भांड्यांचा तेवढा आवाज राहिला.

भागीबाई पुढच्या सीटवर चढत होती. तृप्तीने कागद पुढे केला.

"मावशी, हा नंबर आहा," ती कोकणीत म्हणाली. "तुमाला काढला हां सांगा. राखीच्या दवाखान्याचा पन सांगा. त्यांना द्यावाच लागल. मी तुमच्या बरोबर बोलीन, जे तुमी सांगशाल ते."

भागीबाईने कागद घेतला. उलटा-सुलटा करून पाहिला, नीट घडी घातली आणि छायाकडे दिला. मग तिने तृप्तीकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग असता तर तृप्तीला बरं वाटलं असतं.

"बराय, मॅडम," भागीबाई म्हणाली. बाजारात वापरायचं मराठी तिने शब्द जुळवून जुळवून काढलं. "तुमी लई तरास घेतला आमच्यासाठी."

"मावशी, असा नोका बोलू. मी..."

"बरोबर सांगितला तुमी. एक शब्द पन इकडं-तिकडं नाय केला."

"आता कठं जाशाल?" तृप्तीने पुन्हा कोकणीतच विचारलं.

"काय माहीत, मॅडम," भागीबाई मराठीतच म्हणाली. "बघू कुठं काम भेटते ते." आणि दार ओढून घेतलं.

मागे दहा-बारा बायका दाटीने बसल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणीही तृप्तीशी किंवा एकमेकींशी बोललं नाही. ड्रायव्हरने चाक फिरवलं. जीप द्राक्षांच्या दोन बागांमधल्या कच्च्या रस्त्याने हळूहळू गेली, कालव्याच्या पुलाशी वळली आणि तिथून बायकांच्या बोलण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.