गिरणी बंद होती

मी पिठाची गिरणी बोलतेय. ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये माझं बस्तान आहे. एरवी मी सुरू झाले की शेजारच्या दुकानदाराला फोन घेऊन रस्त्यावर पळावं लागतं. आज लाईट गेलीय, मोटार बंद आहे, तेव्हा दोन गोष्टी शांतपणे सांगते.

माझा स्वभाव तापट. ओलसर गहू टाकला की मी गुदमरते आणि सगळ्या शेडला ऐकवते. लिंबाजींनी मला आणलं तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. पाच वर्षांत लिंबाजी आजारपणात गेले आणि गावानं ठरवूनच टाकलं की बाईमाणसाला गिरणी झेपायची नाही. त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, पदर खोचला. माझा वरचा दगड उतरवला, छिन्नी-हातोडा घेतला आणि गुळगुळीत झालेल्या दगडावर नव्या रेघा पाडल्या. ह्याला टाकी लावणं म्हणतात. गावातल्या पुरुषांनाही ते धड जमत नाही. त्या दिवसापासून मी ह्या बाईवर फिदा आहे.

गिरणीत बाया फार बोलतात, असं पुरुष म्हणतात. बोलतात, खरं आहे. घरात सासूचा कान, नळावर जावेचा कान. माझ्यापाशी मात्र एकीनं दुसरीच्या कानाशी ओरडून सांगितलं तरी तिसरीला पत्ता लागत नाही.

रेणुका लग्न होऊन पालमहून इथं आली, त्याला तीन वर्षं झाली. जवारीचा डबा घेऊन यायची. एकदा डोळ्याखाली काळंनिळं होतं, तर म्हणाली, म्हशीनं शिंग मारलं. पुढच्या खेपेला मनगट सुजलेलं, तर न्हाणीत पाय घसरला. एकाच बाईच्या वाट्याला इतक्या म्हशी आणि इतक्या न्हाण्या कशा येतात, हे मला कळेना. कुणी डबा खाली आदळला तरी ती अंग चोरायची. पीठ भरून घेताना तीनदा दाराकडे बघायची.

एक दिवस कस्तुराबाईंनी तिच्यापुढे नुसता कान केला. तेव्हापासून दर आठवड्याला ती थोडं थोडं सांगू लागली. तिचा नवरा जीवन कशानं मारतो, मारल्यावर कसा जेवायला वाढ म्हणतो. मी आपली जोरात घरघरत राहायचे. वाटायचं, पोरीचं गुपित राखतेय. आता त्याची लाज वाटते.

मग तो बाजाराचा दिवस आला. शेडमध्ये आठ-दहा बाया डबे लावून बसलेल्या. रेणुका कस्तुराबाईंच्या कानाशी मान खाली घालून ओरडत होती, आणि लाईट गेली. मोटार थांबली, मीही थांबले. बोलण्याच्या ओघात तिला ते कळलंच नाही.

"काल त्यानं माझा गळा दाबला मावशी! मला वाटलं, आता मरायलेय मी!"

तिचा आवाज पत्र्यावर आदळला. तिनं मान वर केली. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. ती डबा तिथंच टाकून निघाली, तर कस्तुराबाईंनी तिचा हात धरला. कुणी पदर सारखा केला, कुणी डब्याचं झाकण. त्या गप्पपणाइतकं वाईट मी काही ऐकलेलं नाही.

पहिली बोलली ती सुमनबाई. रेणुकाच्या घराला भिंत लागून तिचं घर. "रोज ऐकू येतंय मला," ती रडत म्हणाली. "मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. माफ कर गं बाई."

त्या दिवशी रेणुका घरी गेली नाही. कस्तुराबाईंनी तिला आपल्याकडे ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीवन गिरणीच्या दारात हजर. "घरातलं भांडण हाय आमचं. कुनी काय ऐकलं? ह्या गिरणीत कानाजवळ ढोल वाजवला तरी ऐकू येत न्हाई!"

"गिरणी बंद होती," कस्तुराबाई म्हणाल्या.

"आन् मी काय कालच ऐकलं न्हाई," सुमनबाई उठून उभी राहिली. "दोन वरसं ऐकायलेय. कुटं बी सांगते, चल."

मागं दळणाला बसलेल्या बायाही एकेक करून उठल्या. तो गुरगुरत गेला. मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर वाजवल्या असत्या.

पण खरी अडचण पुढेच होती. परभणीला घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडम आहेत, त्यांच्यापुढे रेणुकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. ती दोनदा गेली आणि दोनदा तशीच परत आली. त्या शांत खोलीत तिचा आवाजच फुटेना. इकडे माहेरहून निरोप, 'झालं गेलं सोड, नांदायला जा.' ती बोलली नसती तर तिला त्याच घरात परत ढकललं असतं, आणि पुढच्या वेळी तो हात गळ्यावरून निघालाच असता असं नाही.

तेव्हा कस्तुराबाईंनी मॅडमना गिरणीतच बोलावलं. दार लोटलं, घरची जवारी टाकली आणि मला सुरू केलं. रेणुका मॅडमच्या कानाशी बोलू लागली. मॅडम लिहीत गेल्या.

जवारी संपली, रेणुकाचं सांगणं संपेना. दाण्याशिवाय फिरले की माझा दगडावर दगड घासतो, टाकी पार बुजते. एरवी दाणा संपला की कस्तुराबाई ताटावरून उठून धावत येतात. त्या दिवशी जागच्या हलल्या नाहीत. मीही घासत राहिले. दुखत होतं, पण मला थांबायचं नव्हतं.

जळका वास रेणुकाला आला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कस्तुराबाईंकडे. उठली, भिंतीपाशी गेली आणि स्वतःच्या हातानं बटण बंद केलं.

"राहू दे की," कस्तुराबाई म्हणाल्या.

"नको मावशी. दगड खराब व्हायलाय."

मी थांबले. ती थांबली नाही. तिथंच उभी राहून, मॅडमकडे बघत तिनं उरलेलं सगळं सांगितलं. आवाज कापत होता, पण रस्त्यापर्यंत जात होता. इतकी वर्षं ह्या शेडमध्ये माझाच आवाज मोठा, असा मला तोरा होता. तो त्या दिवशी उतरला, आणि मला त्याचा आनंद आहे.

आता जीवननं तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे. खटला चालू आहे, तारखा पडतायत. रेणुका इथंच खोली करून राहते आणि दिवसभर मला चालवते. सगळं बरं झालंय असं मी म्हणणार नाही. मागून कुणी हाक मारली तर अजून तिच्या हातातलं माप पडतं. काही काही दिवस ती कुणाशीच बोलत नाही, आणि कस्तुराबाई तिला बोल म्हणत नाहीत. माझ्या दगडाला मात्र आता तीच टाकी लावते. भिंतीवर दळणाच्या दराखाली तिनं खडूनं मोठ्ठे आकडे काढलेत, १८१, बायकांच्या मदतीचा फोन.

लाईट यायच्या आत तुम्हाला एवढंच मागते. शेजारच्या घरातून तसला आवाज आला, तर जा आणि दार वाजवा. काय बोलावं सुचत नसेल तर वाटीभर साखर मागा. सुमनबाई आता तेच करते. आवाज आला की टीव्ही बंद करते, वाटी घेते, वाटेत आणखी दोघींना हाक मारते आणि जाऊन कडी वाजवते. आजवर तिनं तीन दारं वाजवलीत. तिच्या घरात साखरेचा डबा काठोकाठ भरलेला असतो.